भाकरी आधी की पुस्तक? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण सविस्तर लिहिलेत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. तुर्कस्तानातून १९८० च्या दशकात स्वीडनला गेलेल्या कुर्द निर्वासितांच्या मनावर तिथल्या कुर्दी पुस्तकांची आणि शाळेतल्या कुर्दीच्या तासाची छाप सर्वांत आधी पडली, हे माझे विधान आपल्याला भाबडे वाटले. जीव मुठीत धरून पळालेल्याला आधी छप्पर आणि भाकरी दिसते, असे आपले म्हणणे.

पण हा माणूस कुठून निघाला होता, याचा विचार आपल्या युक्तिवादात कुठेच नाही. १२ सप्टेंबर १९८० च्या लष्करी उठावानंतर दियारबाकिर या कुर्दबहुल शहराच्या लष्करी तुरुंगात भेटीच्या वेळीही कुर्दी बोलण्यास मनाई होती. खेड्यांतून आलेल्या कित्येक आयांना तुर्की येतच नसे. त्यांनी मुलाकडे नुसते पाहायचे आणि वेळ संपली की निघायचे. १९८३ मध्ये २९३२ क्रमांकाचा कायदा आला. त्यात कुर्दीचे नावही नव्हते. तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या देशांच्या 'पहिल्या' राजभाषांखेरीज अन्य भाषांत विचार मांडण्यास वा छापण्यास बंदी, एवढेच होते. इराकमध्ये कुर्दी ही दुसरी राजभाषा होती, हे लक्षात घेतले की मसुदा करणाऱ्याचा कावेबाजपणा कळतो. हा कायदा १९९१ पर्यंत टिकला.

उलट स्वीडनमध्ये स्थलांतरितांच्या मुलांना मातृभाषा शिकवण्याची सोय करणे १९७७ पासून नगरपालिकांवर बंधनकारक होते. तुर्कस्तानात तुरुंगवास भोगून १९७७ मध्येच तिथे पोहोचलेल्या मेहमेद उझून यांची पहिली कुर्दी कादंबरी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. छप्पर आणि भाकरीची आशा धरूनच निर्वासित घरातून निघतो, त्यामुळे ती मिळाल्याचे समाधान असते, आश्चर्य नसते. आपल्या भाषेचा तास सरकारी खर्चाने भरेल, ही मात्र त्याच्या हिशेबात नसलेली गोष्ट होती. बालभारतीची पुस्तके आयती हाती पडलेल्या तुम्हा-आम्हाला हे चटकन जाणवत नाही.

स्वीडनला मी स्वर्ग ठरवले, हा दुसरा आक्षेप. २८ फेब्रुवारी १९८६ ला पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांची हत्या झाल्यावर संशयाची सुई कुर्दांकडे वळली, जानेवारी १९८७ मध्ये अनेकांची धरपकड झाली, त्यांना सोडावेही लागले आणि तपासप्रमुख हान्स होल्मेर यांना पायउतार व्हावे लागले. हे सारे खरेच आहे. पण माझा लेख पहिल्या छापेविषयी होता. १९८७ चा संशय १९८४ मध्ये उतरलेल्या माणसाच्या पहिल्या आठवड्यात कसा घुसवायचा?