अ‍ॅन लीची चार मुलं

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हॅनकॉकचं शेकर गाव बघून आले. शेकर म्हणजे ब्रह्मचर्य पाळणारा, एकत्र राहणारा एक ख्रिस्ती पंथ. त्याचे फोटो परवा जेवायला आलेल्या मंडळींना दाखवत होते. दोन मिनिटांत कुणीतरी म्हणालं, "लग्नच करायचं नाही म्हटल्यावर संपणारच की!" सगळे हसले. मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. ते चार दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांब आहे.

अ‍ॅन ली. जन्म १७३६, मँचेस्टर. लोहाराची मुलगी, शाळेचं तोंड न पाहिलेली, लहानपणीच सूतकापडाच्या कामाला लागलेली. लग्नही लोहाराशीच झालं. तिला चार मुलं झाली आणि चारही लहानपणीच गेली. बाळंतपणं अवघड, त्यात हे दुःख. पुढे ती एका छोट्या धर्मपंथात गेली. त्या लोकांचं अंग प्रार्थनेत थरथरायचं, म्हणून लोक हिणवून त्यांना 'शेकर' म्हणायचे. तेच नाव पुढे टिकलं. धर्माच्या पायी तिला तुरुंगवासही झाला. स्त्रीपुरुषसंबंध हेच पापाचं मूळ आहे, असा साक्षात्कार तिला १७७० मध्ये झाला. १७७४ मध्ये आठ सोबत्यांना घेऊन ती जहाजाने न्यूयॉर्कला उतरली. नवरा बरोबर आला होता, पण थोड्याच काळात तो तिला सोडून गेला. १७८४ मध्ये ती वारली.

हे ब्रह्मचर्य कुणा विरक्त साधूच्या डोक्यातून निघालेलं नाही. चार मुलं पुरलेल्या बाईने ते सांगितलं. हे समजल्यापासून मला त्यावर हसू येत नाही.

आणि त्यातून काय उभं राहिलं ते बघा. अ‍ॅन लीच्या मागे जोसेफ मीचम आणि लूसी राइट यांनी पंथाची घडी बसवली. मालमत्ता सगळ्यांची मिळून. गावाचे गट पाडलेले, प्रत्येक गटाला 'फॅमिली' म्हणायचं. प्रत्येक फॅमिलीवर दोन पुरुष वडीलधारे आणि दोन बायका वडीलधाऱ्या, अधिकार सारखाच. मीचम १७९६ मध्ये गेल्यावर लूसी राइट यांनी १८२१ पर्यंत अख्खा पंथ चालवला. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळायला १९२० उजाडलं! माझं प्रामाणिक मत असं की त्या काळात बायकांना हे बरोबरीचं स्थान बाळंतपणाच्या फेऱ्यातून सुटल्याशिवाय मिळालंच नसतं. ब्रह्मचर्य काढून घेतलंत तर बाकीचा डोलारा उभा राहत नाही.

हॅनकॉकला दगडी गोल गोठा आहे, १८२६ सालचा. गवताच्या गाड्या वरच्या मजल्यावर शिरायच्या आणि गवत खाली मधल्या भागात टाकायच्या. पन्नासच्या वर गाई त्याभोवती गोलाकार उभ्या, सगळ्यांची तोंडं आत. शेण थेट तळघरात. मी तिथे अर्धा तास नुसती उभी होते. मग राहत्या घरात गेले. बायकांचा जिना वेगळा, पुरुषांचा वेगळा. भिंतीभर लाकडी खुंट्या, झाडताना खुर्च्या उचलून त्यांवर टांगायच्या. एकेका घरात शंभराच्या आसपास माणसं राहायची, पण कुठे अडगळ म्हणून दिसत नाही. संध्याकाळी काही बायका आणि पुरुष समोरासमोर दोन रांगांत बसून गप्पा मारत, मध्ये अंतर राखून. मला हे फार हृद्य वाटलं. संसार नको, पण बोलायला माणूस हवंच, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. मुलं येत ती अनाथ म्हणून किंवा आईबापांबरोबर. युनिस चॅपमनचा नवरा त्यांच्या तिन्ही मुलांना घेऊन शेकरांकडे गेला. कायदा बापाच्या बाजूने, पंथ मुलं परत देईना. ती बाई वर्षानुवर्षं झगडली, पत्रकं छापली, आणि शेवटी १८१८ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने खास कायदा करून तिला घटस्फोट दिला. मुलं तिने परत मिळवली. चार मुलं गमावलेल्या आईने स्थापलेल्या पंथाने दुसऱ्या आईची मुलं अडवून ठेवावीत, हे मला अजून पचत नाही.

पण "लग्न नाही म्हणून संपले" हे अपुरं उत्तर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेच्या मेन राज्यापासून केंटकीपर्यंत त्यांची अठरा मोठी गावं होती, चार-पाच हजार माणसं. तीही लग्नाशिवायच! रॉबर्ट ओवेन या समाजसुधारकाने वसवलेलं न्यू हार्मनी हे असंच मिळून राहण्याचं गाव दोन-तीन वर्षांत मोडलं, तिथे तर लग्नाला बंदी नव्हती. शेकर खुर्च्या, झाडू, औषधी वनस्पती आणि छापील पुडक्यांत भरलेलं बियाणं विकून जगत. कारखान्यांचा स्वस्त माल आला आणि हाताने केलेल्या वस्तू महाग पडू लागल्या. शहरात नोकऱ्या मिळू लागल्या, तसे आधी पुरुष गेले. वाढवलेली मुलं एकविसाव्या वर्षी राहायचं की जायचं ते ठरवायला मोकळी असत, त्यातली बहुतेक गेली. अनाथाश्रम निघाल्यावर नवी मुलंही येईनात. मागे राहिलेल्या बायकांनी लोकरी झगे आणि शिवणाच्या पेट्या विकून कितीतरी वर्षं गावं चालवली. हॅनकॉक १९६० मध्ये बंद झालं.

आणि "संपले" हेही खरं नाही. मेनमध्ये सबाथडे लेकला बोटांवर मोजण्याइतके शेकर आजही राहतात. औषधी वनस्पती आणि हर्बल चहा डब्यांत भरून विकतात. रविवारच्या प्रार्थनेला बाहेरच्यांनाही येता येतं, बायका एका बाजूला बसतात आणि पुरुष दुसऱ्या. पुढच्या उन्हाळ्यात मी जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर सांगा, गाडीत दोन जागा आहेत.