मोकळ्या झाल्या म्हणे!

सौदी अरेबियातल्या 'वली' (म्हणजे बाईचा पुरुष पालक) पद्धतीवरचा लेख माहितीपूर्ण आहे, पण "आता तिथल्या बायका मोकळ्या झाल्या" हे काही पटलं नाही. जून २०१८ मध्ये गाडी चालवायला मिळाली, पुढच्या वर्षी एकविशीपुढच्या बाईला स्वतःच्या अर्जावर पासपोर्ट, हे मान्य. त्याआधी वली म्हणून परवानगी देणारा बाप, नवरा, भाऊ, आणि विधवेला तर कधी पोटचा मुलगा! ज्याचं शेंबूड पुसलं त्याच्या परवानगीने आईने विमानात बसायचं. 'अबशर' या सरकारी अॅपवर घरातल्या पुरुषाने बोट टेकवलं की प्रवासाची परवानगी मिळायची किंवा रद्द व्हायची.

लग्नाला मात्र आजही वली लागतोच. २०२२ च्या कायद्यात ते रीतसर लिहिलंय. सबळ कारणाशिवाय नवऱ्याच्या घरी राहायला नकार दिला तर नवऱ्याने द्यायच्या खर्चावरचा हक्कही जाऊ शकतो.

"मग पळून का जात नाहीत?" असं विचारणाऱ्यांनी रहाफ मोहम्मद आठवावी. घरातून पळालेली सौदी मुलगी, वय १८. जानेवारी २०१९ मध्ये बँकॉक विमानतळावरच्या हॉटेलात खोलीच्या दाराला सामान लावून बसली, ट्विट करत राहिली, म्हणून जग जागं झालं आणि कॅनडाने आसरा दिला. सगळ्यांच्या हातात त्या क्षणी फोन असतोच असं नाही हो.

आणि गाडी चालवायचा हक्क मागणाऱ्या लुजैन अल-हथलूल? बंदी उठायच्या महिनाभर आधी अटक, सुटका थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये, तीही प्रवासबंदीसकट. लेखात त्यांच्याबद्दल एक ओळ तरी हवी होती.