विस्टेरियाला युरिया नको, कात्री हवी

‘विस्टेरिया फुलत नाही? युरिया घाला,’ असा सल्ला इंग्लंडमधल्या मराठी बागप्रेमींमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे. विस्टेरिया ही फुलांची वेल शेंगावर्गातली. मुळांवरच्या गाठींमधल्या जिवाणूंमुळे हवेतला नत्र तिला मिळतोच. वरून युरिया, म्हणजे आणखी नत्र, दिला की नुसता पाला माजतो. फुलांसाठी हवं भरपूर ऊन आणि वर्षातून दोनदा छाटणी: जुलै-ऑगस्टमध्ये यंदाचे लांब फुटवे ५-६ पानं ठेवून कापा, मग जानेवारी-फेब्रुवारीत तेच फुटवे २-३ डोळे (फांदीवरचे कोंब) ठेवून आखूड करा. बियांपासून वाढवलेली वेल फुलायला १०-१५ वर्षंही घेते, म्हणून कलमी रोपच आणा. आणि हे कळकळीनं सांगते: तिच्या शेंगा नि बिया विषारी आहेत. वालासारख्या दिसतात, मुलांच्या हाती लागू देऊ नका.