मोराचा हत्ती

सोसायटीची सूचना छापायची होती, एवढंच काम. उद्या पाणी येणार, नळाला थेट मोटर लावू नये, आणि टाकी भरल्यावर व्हॉल्व्ह कोणी बंद करायचा त्याच्या पाळ्या. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये हा कागद लोक चष्मा लावून वाचतात.

कॉम्प्युटर चालू केला तर पडद्यावर गोल फिरायला लागलं. विंडोजचं अपडेट चालू आहे, बंद करू नका. एप्रिल महिन्यात, सकाळी दहा वाजता, जुळे सोलापुरात हे मला सांगून काय उपयोग? लाइटवाल्यांना सांगा.

गोल थांबलं तेव्हा पडदा ओळखू येईना. डाव्या कोपऱ्यातली चित्रं मधोमध येऊन बसलेली. कोपऱ्यात नवीन पाटी: 'सोलापूर, आज 42 अंश, ऊन'. ही बातमी मला द्यायला अमेरिकेहून यंत्रणा यावी लागली. मराठी कळफलक मागे ढकललेला, पुढे इंग्रजी. मी सवयीने 'सूचना' टाइप केलं तर रोमन अक्षरं उमटली आणि त्यांच्या मधोमध एक अर्धविराम, कारण इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात 'च' त्याच कळीवर राहतो. तेही निस्तरलं. प्रिंट दाबलं. प्रिंटर ढिम्म. पडद्यावर प्रश्न आला: फाइल कुठे सेव्ह करू? म्हणजे माझा शाईचा, वजनाचा, पैसे मोजून आणलेला प्रिंटर बाजूला सारून त्यांनी कागद न काढणारा प्रिंटर मुख्य नेमला होता.

नेमक्या याच वेळी वरच्या मजल्यावरचे मामा सूचना न्यायला आले.

मामा म्हणजे सगळं आयुष्य चादरीच्या कारखान्यात, नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर काढलेला माणूस. घरात तेलुगू, जिन्यात मराठी, आणि भाव करताना कानडी. ते आले की खुर्ची ओढून बसतात आणि दुसऱ्याचं काम बघतात. फुकट.

"काय करूलालास बे?"

"प्रिंट येत नाही, मामा. रात्रीतून सेटिंग बदललं."

"कोण बदललं?"

"कंपनीने."

"कंपनीचा माणूस घरी आलता?"

"नाही. नेटवरून येतं आपोआप."

"तुला विचारलं नाही?"

"नाही."

मामांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी सहानुभूती म्हणणार नाही.

"हे बघ. आमच्या मागावर वर पुठ्ठ्याची माळ असायची. भोकं पाडलेली. भोक असेल तर सुई आत, नसेल तर बाहेर. एकेक पुठ्ठा म्हणजे एकेक धागा. मोराची माळ लावली की मोर. रात्री मोर लावून घरी गेलो, सकाळी येऊन चालू केलं, तर मोरच. हत्ती झाला, असं कधी झालं नाही की बे."

"मामा, ते वेगळं, हे वेगळं."

"काय वेगळं? डिझाइन बदलायचं तर मालक मास्तरला सांगणार, मास्तर मला. मग नवीन माळ चढणार. मालकसुद्धा रात्री येऊन एक भोक जास्त पाडत नव्हता."

यात सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट ही की मामा बरोबर होते. जेकार्डने फ्रान्समध्ये 1804 साली हा माग तयार केला, आणि पुढे बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणनयंत्रासाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या पूर्वजासाठी, पुठ्ठ्यांची तीच युक्ती उचलली. म्हणजे माझ्या टेबलावरचा हा शहाणा मामांच्या मागाच्याच खानदानातला निघाला. फक्त घराण्याची शिस्त वाटेत कुठेतरी सांडली.

हिंजवडीतल्या पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, सिक्युरिटीसाठी असतं ते." खरं आहे. 2017 साली वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने मे महिन्यात जगभर धुमाकूळ घातला. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, ज्यांनी लावली नव्हती ते त्यात सापडले. मान्य. पण माझी चित्रं मधोमध सरकवून कोणता व्हायरस अडला, हे त्याला सांगता आलं नाही. दुरुस्तीच्या पिशवीत स्वतःच्या हौशी कोंबायच्या आणि वर सुरक्षेचं लेबल लावायचं! आणि सुरक्षेचंच म्हणाल तर 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच सदोष अपडेटने सुमारे 85 लाख यंत्रं आडवी झाली. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देत होते.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट सोडायची ही मायक्रोसॉफ्टची, म्हणजे विंडोजवाल्या कंपनीची, रीत 2003 पासूनची. आमच्याकडेही मंगळवार पेठ आहे. तिथला दुकानदार निदान पिशवीत काय घालतोय ते दाखवतो. इथे बटणं दोनच: 'आता रीस्टार्ट करा' आणि 'नंतर आठवण करा'. 'नको' नावाचं बटण नाही. फार गयावया केली तर माझ्या यंत्रात पाच आठवडे थांबवता येतं. त्यानंतर पाहुणे येणारच. यंत्राचे पैसे मी भरले, लाइटबिल मी भरतो, आणि मुख्य प्रिंटर कोण हे मात्र दुसरंच कोणीतरी ठरवणार. हे थांबवायला सेटिंगमधली एक खूण काढून टाकायची असते म्हणे. ती तिसऱ्या खोलीच्या आतल्या कपाटात असावी तशी ठेवली आहे. सापडली. काढली. पुढच्या अपडेटला ती परत लागलेली असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

तोवर मामांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून निळ्या पेनाने सूचना लिहून काढली होती. अक्षर असं की एकेक ओळ ताणून बसवलेली. जिन्यात चिकटवल्यावर पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "यावेळी किती स्वच्छ छापून आणलंत!" मामा काही बोलले नाहीत. मीही नाही.

परवा मामा पुन्हा खाली आले. यावेळी हातात फोन.

"हे बघ की बे. बंद करायला बाजूचं बटण दाबून धरलं, तर आतून बाई बोलूलालीय."

"काय म्हणते?"

"काय मदत करू म्हणते."

"मग?"

"मी म्हटलं, बंद हो."

"झाला बंद?"

"नाही. जवळची दुकानं कितीला बंद होतात ते सांगूलालीय."

मी म्हटलं, "मामा, तुम्हाला विचारलं नव्हतं का?"

त्यांनी फोन तसाच बोलत खिशात घातला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाले. ते बाईला होतं की मला, हे मी विचारलं नाही.