रोखे घेणाऱ्याला हिशेब, मग कर भरणाऱ्याला का नाही?

रविवारी टपरीवर विषय निघाला खोदलेल्या रस्त्याचा, आणि अण्णांनी तो थेट कर्जरोख्यांवर, म्हणजे गुंतवणूकदारांकडून कर्ज घ्यायला पालिका विकते त्या रोख्यांवर नेला. "२०१७ साली पुणे महापालिकेनं चोवीस तास पाण्यासाठी दोनशे कोटी उचलले. ७.५९ टक्के व्याज, मुदत दहा वर्षं. वर्षाला पंधरा कोटींच्या वर नुसतं व्याज! तुला-मला विचारलं होतं कोणी?"

आमचा सीए लगेच सरसावला. "अण्णा, ते पैसे लपूनछपून नाही घेतलेले. रोखे मुंबई शेअर बाजारात नोंदलेत. वर केंद्रानं प्रोत्साहन म्हणून २६ कोटी दिले, ते नाही सांगत तुम्ही."

"आणि त्या कामाच्या निविदा? फुगल्या म्हणून रद्द कराव्या लागल्या ना? पैसे हातात, काम सुरू नाही, व्याज मात्र चालू."

"ते चुकलंच. पण तुम्हाला ते आकड्यांसकट बोलता येतंय, कारण रोखे होते. सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे, २०१५ चे नियम आहेत. ज्यानं रोखे विकत घेतले त्याला पालिकेला आपले हिशेब कळवावेच लागतात. माझं भांडण बाकीच्या पैशाबद्दल आहे. वर्गीकरण माहितीये?"

इथे मला राहवेना. अंदाजपत्रकात एका गल्लीच्या ड्रेनेजला ठेवलेले पैसे वर्षाच्या मध्येच दुसऱ्या कामाकडे वळवतात, त्याला वर्गीकरण म्हणतात. नियमात तशी सोय आहे आणि ती हवीच. पावसात सीमाभिंत पडली तर पैसे कुठून तरी काढावेच लागणार. पण ज्या गल्लीचं काम मागे पडलं, तिथल्या माणसांना ते सांगायला कोणी येत नाही. ती बिचारी पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट बघत बसतात. मला राग येतो तो याचा.

अण्णा जरा नरमले. म्हणाले, "आमच्या गावाकडच्या नगरपालिकेनं गटाराचं काम काढलं. फलक लावला. कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव, सगळं छान रंगवलेलं. 'मंजूर रक्कम' म्हणून लिहिलं आणि पुढे नुसती टिंबं." त्यांनी कट्ट्यावर सांडलेल्या चहात बोट बुडवून टिंबं काढून दाखवली. "पत्रा गंजला, टिंबं तशीच."

"माहिती अधिकारात अर्ज टाकायचा," कोपऱ्यातला कॉलेजचा पोरगा म्हणाला.

"अर्ज कशाला?" सीए म्हणाला. "त्याच कायद्याचं कलम ४ वाच. असल्या गोष्टी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करा, असं २००५ पासून लिहिलंय."

घरी आल्यावर मी मिळकतकराचं बिल काढलं. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, वृक्ष कर... माझ्याकडून काय काय घेतलं ते ओळीनं छापलेलं. घेताना इतकं बारीक लिहिता येतं, तर खर्चताना का येऊ नये? आमच्या प्रभागात कुठलं काम, मूळ तरतूद किती, त्यातली वळवली किती, कुठे आणि कधी, एवढं एका पानावर मावतं. ते पान क्षेत्रीय कार्यालयाच्या दारावर लावा, एवढंच मागणं आहे.

पुढच्या रविवारी सीए यंदाच्या अंदाजपत्रकातली आमच्या प्रभागाची पानं छापून आणणार आहे. पोरगा आणि मी त्यातली कामं जागेवर जाऊन बघणार. अण्णा म्हणाले, फलकांचे फोटो मी काढतो.