कोर्ट म्हणे भावनेवर चालत नाही

गणपतीच्या वर्गणीची यादी करायला आज मंडळाची मंडळी जमली होती. विषय भरकटत भरकटत बंदुकांवर आला आणि एक दादा मला म्हणाले, "बम्प स्टॉकचा निकाल अगदी योग्य होता. कोर्ट भावनेवर चालत नाही." बम्प स्टॉक म्हणजे बंदुकीतून भराभर गोळ्या सुटाव्यात म्हणून लावायचा दस्ता; त्यावरची बंदी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने उठवली, तो हा निकाल. तिथे गप्प बसले, म्हणून इथे लिहितेय.

1 ऑक्टोबर 2017. लास वेगासच्या हॉटेलातून, 32व्या मजल्यावरून, खाली गाण्याच्या कार्यक्रमाला जमलेल्या लोकांवर, बम्प स्टॉक लावलेल्या बंदुकांतून, साधारण दहा मिनिटांत हजाराहून जास्त गोळ्या. 60 माणसं गेली. ही भावना?

तो बम्प स्टॉक मी हातात घेऊन बघितलाय. आम्ही टेक्सासात राहतो, शेजाऱ्याच्या गराजमध्ये असल्या वस्तू निघतात. प्लास्टिकचा दस्ता, मागेपुढे सरकणारा, बोट टेकवायला छोटीशी कड. इतका हलका, की आत काही यंत्र आहे का म्हणून मी उलटासुलटा करून बघितला. काही नव्हतं. त्याने हौसेने समजावलं: डाव्या हाताने बंदूक पुढे रेटत राहायची, बोट हलवायचंच नाही. धक्क्याने बंदूक मागे जाते, पुन्हा पुढे येते, आणि ट्रिगर आपणहून बोटावर आपटत राहतो. मिनिटाला 400 ते 800 गोळ्या!

1934च्या कायद्यानुसार ट्रिगरच्या एका क्रियेत आपोआप एकाहून जास्त गोळ्या सुटल्या तर ती मशीनगन. जून 2024मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं, की इथे दर गोळीला ट्रिगर नव्याने दाबला जातो, सबब ही मशीनगन नाही. न्यायमूर्ती थॉमससाहेबांनी निकालपत्रात ट्रिगरच्या आतल्या भागांच्या आकृत्याही दिल्यात. हौस! न्यायमूर्ती सोटोमायोरबाईंनी विरोधी मतात सरळ लिहिलं: बदकासारखं चालतं, पोहतं, ओरडतं, तर मी त्याला बदकच म्हणते.

हो, ठाऊक आहे, बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या एटीएफनेच आधी "ही मशीनगन नाही" असं लिहून दिलं होतं आणि 2018मध्ये, तेही ट्रम्प यांच्याच काळात, घूमजाव करून बंदी आणली. निकालाच्या बाजूचे न्यायमूर्ती अलिटो म्हणतात, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा बदलावा. बरोबर आहे, मान्य. पण बदलतंय कोण? जिथे माणसं मेली त्या नेवाडा राज्याने 2019मध्ये स्वतःचा कायदा करून बंदी घातली. वॉशिंग्टनवाल्यांना तेवढंही जमू नये?

शेजाऱ्याबद्दल मात्र वाईट बोलवत नाही. फेब्रुवारी 2021मध्ये वीज गेली, नळ गोठले, तेव्हा माझ्या सासूबाईंना त्याने स्वतःच्या घरी नेऊन शेगडीपाशी बसवलं होतं. भला माणूस. मार्च 2019मध्ये बंदी लागू झाली तेव्हा त्याने जुना दस्ता करवतीने कापून कचऱ्यात टाकला होता, कुरकुर न करता. ऑस्टिनच्या कार्गिल नावाच्या दुकानदाराने आपले दोन सरकारजमा केले आणि मग खटला भरला. आमच्या शेजाऱ्याने तसलं काही केलं नाही. शिकारीला जात होता, नेमबाजी करत होता, पाच वर्षं त्याचं काडीचंही अडलं नाही. निकाल लागला आणि त्याने नवा आणला. मला दाखवला तो हाच. कशाला आणलास विचारलं, तर म्हणाला, "आता मिळतो म्हणून."

आणि कमेंटमध्ये कुणी दुसरी घटनादुरुस्ती (बंदूक बाळगायचा हक्क देणारी) शिकवायला येऊ नका. या खटल्यात तिचा प्रश्नच नव्हता. त्या सरकत्या दस्त्याला मशीनगन म्हणायचं की नाही आणि तसं म्हणायचा एटीएफला अधिकार आहे का, एवढाच वाद होता. आधी निकाल वाचा, मग भांडू.