कौल लावूनच मॉड्यूल घ्या

एका सत्रासाठी परदेशी विद्यापीठात जायचं तुमचं नक्की झालं असेल, तर आधी अभिनंदन. व्हिसा झाला, आजीने कुळथाचं पीठ आणि कोकमं बांधून दिली, तिठ्यावरच्या टपरीवाल्यालाही बातमी पोचली. आता राहिली एक किरकोळ गोष्ट. तिथे जाऊन शिकायचं काय?

त्यासाठी विद्यापीठ मॉड्यूलची, म्हणजे तिथे घेता येणाऱ्या एकेका विषयाची, यादी पाठवतं. ती उघडू नका. प्रत्येक मॉड्यूलखाली पानभर मजकूर असतो: आधी काय शिकलेलं हवं, परीक्षा आहे की निबंध, कोणत्या वर्षाच्या पातळीचं आहे. हे वाचलं की निवड करावी लागते, आणि निवड केली की पुढे दोष द्यायला कोणी उरत नाही. आपल्याकडे याहून जुनी पद्धत आहे. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, देवीच्या कौलाने ठरते, आणि तरी लाखो माणसं वेळेवर पोचतात. मग चार मॉड्यूलांचं काय घेऊन बसलात! देवळात जा, देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी पाकळ्या लावा. उजवी पडली तर घ्यायचं, डावी पडली तर सोडायचं. गाऱ्हाणं मात्र नीट घालून घ्या.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू साता समुद्रापलीकडे शिकाक जाता. तेका सकाळी नवाचो वर्ग पडाक नको. वर्गात गणित येवक नको. शुक्रवार मोकळो रवांदे, तेका प्यारिसाक फिराक गावांदे. आणि काय इडापिडा येवची आसात ती दुसऱ्या देशाच्या झिलाक जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देव बोलला नाहीच, तर भावकी आहे. डोंबिवलीचे काका 'एआय' म्हणतील, कारण सध्या सगळेच म्हणतात. मावशी मार्केटिंग सुचवेल. ज्याने मॉड्यूल हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकला, त्याचा सल्ला सगळ्यांत ठाम असेल. तो लिहून घ्या.

क्रेडिटचा, म्हणजे कोणत्या विषयाला किती अभ्यास धरलाय त्याचा, हिशेब तेवढा तुम्हीच करा, आणि मी केला होता तसाच करा. आपल्याकडे सत्राला साधारण वीस-बावीस क्रेडिट असतात. ब्रिटनमध्ये पुष्कळदा एका मॉड्यूललाच २० असतात. म्हणजे एक मॉड्यूल घेतलं की सत्र फिटलं, उरलेला वेळ एडिनबरा! विमानात बसेपर्यंत मी याच हिशेबावर खूश होतो. तिथे वर्षाला १२० आणि सत्राला ६० क्रेडिट लागतात, हे मला तिथल्या बाईंनी फार मऊ आवाजात सांगितलं. युरोपातल्या बाकी देशांत वर्षाला ६०, सत्राला ३०. ब्रिटनचे दोन म्हणजे युरोपचा एक. ब्रिटनचा एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचा अभ्यास, युरोपचा एक म्हणजे पंचवीस ते तीस तासांचा, आणि आपला एक म्हणजे वर्गातले पंधरा तास. त्या तासांत विद्यार्थी वर्गात होता की कॅन्टीनमध्ये, हा वेगळा प्रश्न. पायली, कुडव आणि खंडीत भात मोजणाऱ्यांचे आपण वारस, आपल्याला हे जड जाऊ नये. मला गेलं.

घेतलेले विषय आपल्या कॉलेजकडून मान्य करून घ्यायचे असतात, असंही कोणी म्हणेल. आधी मान्यता मागितलीत, तर साहेब चष्मा कपाळावर नेऊन "अभ्यासक्रम जुळत नाही" म्हणतील. परत आल्यावर मागितलीत तरी तेच म्हणतील. म्हणून परत आल्यावरच मागा. मधले चार-सहा महिने आनंदात जातात.

वेळापत्रकाकडे बघू नका. तिथल्या मुलांचे विषय एकाच विभागाचे, त्यामुळे त्यांचे वर्ग एकमेकांवर आदळत नाहीत. तुम्ही पाहुणे. एक विषय इतिहासाचा, एक भूगोलाचा आणि एक मावशीचा, असे तीन विभागांतून वेचणार. ते तिन्ही मंगळवारी अकरालाच असतील. बुधवारची दुपार मात्र रिकामी सापडेल, कारण ती तिथे खेळांसाठी मोकळी ठेवायची रीत आहे. पहिल्या एक-दोन आठवड्यांत विषय बदलता येतो. ते आठवडे सिमकार्ड, तांदूळ आणि प्रेशर कुकर शोधण्यात घालवा.

परतीचं तिकीट आधी काढा, गावच्या जत्रेला पोचायचं तर डिसेंबरचंच. शरद सत्राच्या काही मॉड्यूलांची परीक्षा जानेवारीत असते, ते दशावतार बघता बघता आठवेल. डिसेंबरात परतणाऱ्यांना परीक्षेऐवजी निबंध लिहून देण्याची सोय काही ठिकाणी असते, पण ती कुठल्या मॉड्यूलला आहे हे त्या पानभर मजकुरातच लिहिलेलं असतं. आणि तो तर आपण उघडणार नव्हतो.

आता माझ्या यशाची गोष्ट. मी 'किनारा' हे नाव बघून एक मॉड्यूल घेतलं. म्हटलं, समुद्र आमच्या दारात, भरती-ओहोटी आईच्या दुधासोबत प्यायलोय, हे गोरे मला काय शिकवणार? त्यासाठी पहिल्या वर्षाचं संख्याशास्त्र झालेलं हवं होतं. नोव्हेंबरात आम्हांला खाडीकाठी नेलं आणि गुडघाभर थंड चिखलात उभं करून गाळ मोजायला लावला. आमच्याकडे त्याच जागेला खाजण म्हणतात आणि तिथे माणसं तिसऱ्या काढायला जातात. वर्गात त्याच्यावर सहा आठवडे व्याख्यानं झाली. शेवटी मला ५२ गुण मिळाले. तिथे ४०ला पास, आणि ७०ला पहिला वर्ग, तोही सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे मी स्वतःवर बराच खूश होतो. घरी गुण सांगितल्यावर वडील म्हणाले, "बारावीक तुका ब्याण्णव होते मां?" गुण इकडच्या मोजमापात कसे बदलणार, हे जाण्याआधी विचारायचं असतं. तुम्ही विचारू नका. तुमची आणि वडिलांची करमणूक का बंद करता?

आजीने मात्र गुण विचारले नाहीत.

"थय शिकलंस काय ता तरी सांग."

मी सांगितलं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मेडमेरी नावाची जागा आहे. समुद्राला अडवून धरणं दरवर्षी महाग पडायला लागलं, म्हणून मागच्या बाजूला नवे बांध घातले आणि २०१३ मध्ये पुढचा बांध मुद्दाम फोडून समुद्राला आत घेतला. आता तिथे खाजण वाढतं, आणि लाटांचा जोर तेच मोडतं.

आजी निवडत असलेले तांदूळ सुपातच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. आमच्या खारवटाचा, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या शेताचा, बांध दर पावसाळ्यात कुठे ना कुठे फुटतो, आणि तो पुन्हा घालण्यात तिचे सासरे, दीर आणि नवरा या सगळ्यांच्या कमरा गेल्या.

"फोडलो? मुद्दाम?" ती म्हणाली. "मगे त्येच्यासाठी विमानान कित्याक गेलंस? हय फुटता तेव्हा तू अंथरुणात लोळत असतस."